लॅबवाल्या काकांना, ती खुर्ची वळवल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच म्हणला होतात की माझं नाव कुठं टाकत बसू नको. पण गप्पही बसवत नाही म्हणून हे चारचौघांत लिहायलोय. परवा रात्री पावणेतीनला शेतातली लाईट गेली आणि सव्वातीनला आली. टाकी काठोकाठ भरलेली होती. आणि बोर्ड, म्हणजे झाडांना पाणी सोडणारा आमचा छोटा कॉम्प्युटर, उठला, कुणी हात न लावता आपोआप उठला, आणि साडेचारला ठरल्याप्रमाणं त्यानं पहिला व्हॉल्व्ह उघडला. हे मला सकाळी लॉगमध्ये, बोर्डानं स्वतः ठेवलेल्या नोंदींत, दिसलं (घड्याळाला वेगळा सेल लावलाय म्हणून वेळ बरोबर कळते), कारण रात्रभर मी झोपलेला होतो, आणि माझं सोडा, अण्णा, माझे वडील, झोपलेले होते. सव्वा महिन्यात पहिल्यांदा अण्णा अपरात्री बॅटरी घेऊन पपईत गेले नाहीत. हे लिहितानाही डोळे भरून यायलेत काका, खरं सांगतो.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं सांगतो. औसा तालुक्यात आमची अडीच एकर पपई आहे, ड्रिपवर. बोअर सलग चालत नाही, तासाभरात हवा ओढतंय, म्हणून पाणी आधी सिमेंटच्या टाकीत घ्यायचं आणि टाकीतून झाडांना सोडायचं. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यात मधीच जाते-येते. अण्णांचं वय बासष्ट, गुडघे गेलेले, रात्री वावरात जायचं म्हणजे साप-विंचू आलाच. म्हणून मी बीगलबोन ब्लॅक घेतला. तळहाताएवढा बोर्ड, त्यात डेबियन लिनक्स चालतं, दोन्ही कडेला ४६-४६ भोकांच्या दोन पट्ट्या, पी-८ आणि पी-९, एकेक भोक म्हणजे वायर लावायची एकेक पिन. रिले लावले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच, रिलेवर व्हॉल्व्ह, आणि टाकीत एक फ्लोट स्विच. टाकी भरली की फ्लोट वर येतो, आतला कॉन्टॅक्ट जुळतो, पिन ग्राउंडला म्हणजे शून्य व्होल्टला जाते, बोर्डाला कळतं पाणी झालं म्हणून. एवढं साधं.

ती पिन मी घेतली होती पी-८ ची ४३. वायर तिकडून जवळ पडत होती, दुसरं काही कारण नाही. ही पिन मुळात स्क्रीन जोडायच्या एचडीएमआयनं धरलेली असते, पी-८ च्या २७ पासून ४६ पर्यंतच्या सगळ्याच त्यानं धरलेल्या असतात, ते मी बूटच्या, म्हणजे बोर्ड सुरू होताना वाचायच्या, फाईलमधली एक ओळ चालू करून सोडवून घेतलं, पिन मोड ७ मध्ये म्हणजे नुसतं चालू-बंद कळणाऱ्या साध्या जीपीआयओमध्ये टाकली, आणि टेबलावर सगळं झकास चाललं. रीबूट कमांड दिली, चाललं. दहा वेळा दिली, दहाही वेळा चाललं. मला वाटलं पिनांचा विषय संपला.

शेतात नेल्यावर सुरू झालं ते. लाईट गेली आणि परत आली की कधी बोर्ड उठायचा, कधी उठायचाच नाही. पॉवरचा दिवा लागलेला पण बाजूचे चार निळे दिवे गप्प. बोर्ड उठला नाही की व्हॉल्व्ह उघडत नाही, म्हणजे टाकीत पाणी गच्च भरलेलं आणि खाली झाडं माना टाकून उभी. आमच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, मांजरा धरण कोरडं पडलं होतं, आम्ही घागरी मोजून दिवस काढलेले लोक आहोत. भरल्या टाकीखाली झाडं तहानलेली बघणं काय असतं ते आम्हालाच कळतंय. मग अण्णा उठायचे, काठी, बॅटरी, आणि चालले. जाऊन हातानं व्हॉल्व्ह उघडायचे आणि पाणी होईपर्यंत बांधावर बसून राहायचे. आई इकडं जागी.

आता ज्यांच्याकडं मी आधी गेलो त्यांचं. नावं घेणार नाही पण सांगणार आहे, कारण राग अजून गेला नाही. ज्याच्याकडून बोर्ड घेतला तो फोनवर म्हणला अडॅप्टर हलका असेल, भारीतला घ्या. घेतला. तेच. परत फोन केला तर म्हणला गावाकडची लाईटच तशी असते, त्याला आम्ही काय करणार. मग एक इंजिनिअर बोलावले, जाण्यायेण्याचे आणि बघण्याचे पैसे आधी घेतले, त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, बोर्ड घरी आणून टेबलावर लावला, सुरू झाला, म्हणले बोर्ड चांगलाय, तुमच्या वायरिंगमध्ये घोळ आहे, आणि जेवून गेले. घोळ कुठं ते नाही सांगितलं. नात्यातले एक प्राध्यापक आहेत, त्यांना फोटो पाठवले, त्यांचं उत्तर आलं की या गोष्टी शेतात चालवायच्या नसतात, पीएलसी, कारखान्यात असतो तसला कंट्रोलर, बसव नाहीतर नाद सोड. नाद सोड! पपई जळायली होती माझी.

आणि या सगळ्यांत अण्णा एकच गोष्ट सांगत होते. पहिल्या आठवड्यापासून सांगत होते. "टाकी भरलेली असली की हे उठतच नाही बग. टाकी रिकामी असली की लगेच डोळे मिचकवायलंय." इंजिनिअर साहेबांना सांगितलं तर ते हसले, म्हणले काका, कॉम्प्युटरला पाण्याचं काय कळतंय. आणि मी सुद्धा हसलो काका. साहेबांच्या समोर बापाची लाज वाटली मला. त्याच्यानंतर अण्णा बोलायचेच बंद झाले या विषयावर, बोर्डाचं निघालं की उठून बाहेर जायचे. हे तुम्हाला त्या दिवशी सांगायचं धाडस झालं नाही, आज सांगतो.

तुमच्याकडं आलो तो शेवटचा प्रयत्न होता. पॉलिटेक्निकची लॅब, दुपारची वेळ, तुमचा डबा अर्धा राहिलेला. मी बोर्ड, फ्लोट, रिले सगळं पिशवीत आणलेलं, अण्णा सोबत आले होते ते खरं तर दवाखान्यासाठी, तुमच्या लॅबमध्ये ते दाराजवळच्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी अर्धा तास तुम्हाला सांगत होतो, कर्नल कुठला, ओव्हरले कुठला, पिन कशी सेट केली, काय काय बदललं. तुम्ही ऐकून घेतलं सगळं. मग विचारलं, "रात्री तिथं कोण असतंय?" मी म्हणलो अण्णा असतात.

आणि तुम्ही खुर्ची वळवली.

एवढंच केलंत. ती जुनी लोखंडी खुर्ची, फिरती नव्हती, उचलून वळवावी लागली तुम्हाला, फरशीवर घासली तिचा आवाज अजून कानात आहे. माझ्याकडं पाठ झाली आणि तोंड अण्णांकडं. आणि म्हणलात, "मालक, तुम्ही सांगा. तुम्ही काय बघितलं ते सांगा." अण्णा आधी माझ्याकडंच बघायले. मग हळू आवाजात तेच टाकीचं वाक्य बोलले, आणि बोलून थांबले, हसण्याची वाट बघत असल्यासारखे. तुम्ही हसला नाहीत. पेन काढलं आणि म्हणलात, "परत सांगा बरं. सावकाश." आणि लिहून घेतलं! माझ्या अर्ध्या तासातलं तुम्ही काही लिहून घेतलं नव्हतं काका, अण्णांचं एक वाक्य लिहून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

पुढचं सगळं तर दहा मिनिटांत झालं. बादली आणायला लावली, पाणी भरलं, फ्लोट अण्णांच्या हातात दिला. बोर्ड काय बोलतोय ते दाखवणारी सिरियलची केबल लावली, कॉम्प्युटरवर खिडकी उघडली. "मालक, वर धरा," पॉवर बंद करून चालू, निळे दिवे गप्प आणि स्क्रीनवर नुसतं सी सी सी सी. "आता खाली सोडा," पॉवर बंद करून चालू, आणि लिनक्स धडाधडा वर यायला लागलं. वर, सी सी सी. खाली, सुरू. तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी तुम्ही काही म्हणायच्या आधीच अण्णा म्हणले, "आता नाही उठणार," आणि नाही उठला. त्या वेळचा अण्णांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

मग तुम्ही समजावलंत, तेही आधी अण्णांना आणि मग मला. बोर्डावर मेमरी कार्डाच्या खाचेजवळ एक बारकं बटण असतं, एस-२. ते दाबून पॉवर दिली की बोर्ड आतल्या ईएमएमसीकडं, म्हणजे लिनक्स ठेवलेल्या मेमरीकडं, जातच नाही, आधी एसपीआयवर जोडलेली मेमरी बघतो, मग मेमरी कार्ड, मग यूएसबी, आणि काहीच नाही मिळालं की सिरियलवर सी सी सी करत बसतो. "हे झोपलेलं नाही मालक, कुणीतरी प्रोग्रॅम पाठवील म्हणून वाट बघायलंय." आणि ते बटण ज्या तारेला खाली ओढतं ती तार म्हणजेच पी-८ ची ४३. टाकी भरली, फ्लोटनं पिन ग्राउंडला नेली, म्हणजे बोर्डाच्या हिशोबानं कुणीतरी बटण दाबून धरलं. आणि हे तो फक्त पॉवर येते त्या क्षणाला बघतो, नंतर नाही, आणि रीबूट कमांडनं पॉवर जात नाही, म्हणून माझं रीबूट दहाला दहा वेळा चालायचं. म्हणून टेबलावर वायरी काढून लावला की चालायचा. साहेबांनी वायरी काढल्या तिथंच दुखणंही काढून ठेवलं आणि म्हणले दुखणं नाही.

म्हणजे अण्णा शब्दन् शब्द खरं बोलत होते. कॉम्प्युटरला पाण्याचं कळत होतं!

फ्लोटची वायर पी-९ च्या १२ वर गेली, आतला पुल-अप (पिन मोकळी असताना वर धरून ठेवणारा) चालू केला, लांबची वायर आहे म्हणून मध्ये ऑप्टोकपलर (उजेडातून सिग्नल देऊन दोन्हीकडची वीज वेगळी ठेवणारा) टाकायला सांगितलंत तेही टाकलंय. आणि पी-८ च्या ३१ ते ४६ या सोळा भोकांवर तुम्ही लाल टेप चिकटवलीत, कारण सोळाच्या सोळा पिना पॉवर येताना बोर्ड वाचत असतो, तिथं बाहेरचं काही ओढत असलं की असलं काहीतरी होणारच. टेप अजून तशीच आहे. पैशाचं विचारलं तर तुम्ही डबा उघडून उरलेली भाकरी खायला घेतलीत.

माझ्या डोक्यात सारखं येतंय की तुमच्यात आणि त्या बाकीच्यांत फरक काय होता. माहिती त्यांनाही असेल, ती तर मॅन्युअलमध्ये आहे, मी नंतर वाचली, बूटच्या पिनांबद्दल स्पष्ट लिहिलंय. मलाही वाचता आली असती. पण वाचायची कुठं हे कळायला टाकीचं वाक्य पाहिजे होतं, आणि ते वाक्य धोतर-टोपीतल्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून कुणी घेतलं नाही. २०१६ ला आमच्या गल्लीत एकांचं बोअर चालू होतं, त्यांनी नळी काढून रस्त्यावर सोडली होती आणि घागरींची रांग लावून दिली होती, स्वतःच्या घरची घागर सगळ्यात शेवटी. लहान होतो तरी लक्षात आहे. त्यांनी कधी त्याची गोष्ट केली नाही आणि तुम्हीही त्या खुर्चीची करणार नाही, तुम्हाला ती आठवत पण नसेल. पण अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतंय काका, मला असं मनापासून वाटतंय. तुमच्या लॅबमध्ये दरवर्षी पोरं येतात, त्यांनी तुमच्याकडून पिना कमी शिकल्या तरी चालतील, ती खुर्ची कशी वळवायची तेवढं बघून ठेवावं.

घरी येताना एसटीत अण्णा काही बोलले नाहीत. औशाच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणले, "ते लिहून घेतले की रं." बस. मी त्यांची माफी मागितली, तिथंच, स्टँडवर. ते म्हणले, "राहू दे, चहा घेऊ."

आता अण्णा लॉग वाचायला शिकायलेत. सकाळी मोबाईल घेऊन येतात, म्हणतात वाच, रात्री किती वेळा गेली, किती वेळा उठलं. वही केलीय त्यांनी, टाकी किती होती तेही लिहितात.

काका, यंदाच्या येळवशीला (वेळा अमावस्येला) आमच्या शेतात यायचं, घरच्या सगळ्यांना घेऊन. आई भज्जी करती, उंडे, अंबील, आंबट भात, सगळं असतंय, शेतातल्या कोपीच्या (झोपडीच्या) बाजूला टाकीच्या सावलीत बसू. अण्णांनी स्वतः सांगितलंय कळवायला, आणि म्हणलेत की काकांना म्हणावं पपई पिकायली आहे, येळवशीपर्यंत थांबू नका, त्याच्या आधीच एखाद्या रविवारी या. औशाहून फोन करा, मी गाडी घेऊन येतो.

तुमचा,
पपईवाल्या अण्णांचा मुलगा