घर पाडण्याआधी हे वाच

कोल्हापूर,
१० मे

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन झाला आणि तेव्हापासून तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "ठेकेदार चांगला आहे रे, सगळा मलबा फुकट उचलून नेतो म्हणाला." गड्या, त्याला अजून हो म्हणू नकोस. साताऱ्याच्या त्या घरात मी दिवाळीच्या सुट्टीत आठ-आठ दिवस राहिलोय. छपरावर मंगलोरी कौलं, माजघरात शहाबादी फरशी, जोत्याला काळा घडीव दगड. याला मलबा म्हणायचं? आणि हे सगळं नेऊन तोच माणूस नव्या बंगल्याभोवती हिरवळ, सिमेंटचे रंगीत ठोकळे आणि कुंड्या बसवायचे पावणेदोन लाख मागतोय. तुझी बाग त्या जुन्या घरात तयार पडलेली आहे. ती हलक्या हातानं उतरवून घ्यायची, एवढंच. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं घर उतरवलं त्याला सहा वर्षं झाली. 'उतरवलं' असंच म्हणतो, कारण कौलं निघेपर्यंत मी दारात यंत्र येऊ दिलं नाही. दोन गडी आणि मी, तीन दिवस लागले. एक जण वर, एक शिडीवर, मी खाली. कौल हातात आलं की बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचं. खणखणीत वाजलं तर धड. बद्द आवाज आला तर आत कुठंतरी चीर आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी. धड कौलं उभी लावून ठेव. आडवी थप्पी रचलीस तर खालची वजनानं फुटतात, एकेक कौल दोन-अडीच किलोचं असतं. बासेल मिशन या परदेशी ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी १८६०च्या दशकात मंगळूरला नेत्रावतीकाठच्या चिकणमातीची ही कौलं बनवायला सुरुवात केली, पुढं ती किनाऱ्यावर आणि घाटावरही घरोघर चढली. आमच्या छपरावर त्यांनी साठ-पासष्ट पावसाळे काढले होते. अशी वस्तू जमिनीत अर्धी गाडली तर तिला काय होणार? माझ्या सगळ्या वाफ्यांच्या कडा त्या कौलांच्या आहेत. वीतभर चर खणायचा, कौल उभं करून निम्मं मातीत घालायचं. शेजारच्या कौलाच्या खाचेत खाच बसते आणि माती एक कणही बाहेर जात नाही. फुटकी कौलं कुटून कुंड्यांच्या तळाला घातली.

फरशीच्या बाबतीत मात्र मी चुकलो, आणि ती चूक तुझ्या घरी होऊ नये म्हणून सविस्तर सांगतो. मी फरशी जशी माजघरात होती तशीच, गुळगुळीत बाजू वर ठेवून, दारापासून तुळशीपर्यंत बसवली. श्रावणात तिच्यावर शेवाळ धरलं. एका सकाळी आई तुळशीला पाणी घालायला निघाली आणि घसरली. उजवं मनगट मोडलं, दीड महिना हात प्लास्टरमध्ये. त्या दीड महिन्यात तिला वेणीसुद्धा घालता येत नव्हती, ही घालून द्यायची. पाऊस उघडल्यावर मी सगळी वाट उखडली आणि एकेक फरशी उलटी केली. पाठ खडबडीत असते, तिच्यावर जुना चुना चिकटलेला होता, तो छिन्नीनं खरवडला. खाली मुरूम धुमसून वर दोन बोटं कच पसरली, सिमेंट अजिबात नाही, आणि दोन फरश्यांत बोटभर फट ठेवली. आता पाणी फटीतून मुरतं, फटीत दूर्वा आल्यात, आणि आई त्या वाटेवरून अनवाणी जाते. तुझ्याकडे काकू आहेत. फरशी पहिल्यापासून उलटीच बसव.

दुसरी चूक जास्त आतली होती, कळायला वर्ष गेलं. भिंतींचा चुना आणि प्लास्टरचा राडारोडा मी लिंबाच्या खड्ड्यात भरला होता. वाटलं, पाण्याचा निचरा होईल. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लिंबाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी कमी पडतंय समजून मी आणखी पाणी घालत राहिलो. खरं कारण चुना. आपली काळी माती मुळातच चुनखडीकडे झुकलेली. तिच्यात आणखी चुना गेला की लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. शेवटी झाडाभोवतीचा राडारोडा हातानं वेचून काढला, शेणखत भरलं, थोडा हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यातून दिला. झाड सावरायला दोन पावसाळे लागले. तेव्हा दगड, वीट, कौल बागेत चालेल. चुना आणि सिमेंट झाडाच्या मुळाशी नको. ते वाटेच्या पोटात भरावाला घाल. विटाही पारखून घे. कच्ची, पिवळसर वीट दोन पावसांत विरघळते. लालबुंद, वाजणारी तेवढी ठेव.

आणखी तीन गोष्टी बागेत घेऊ नकोस. मागच्या न्हाणीवरचे ते करडे सिमेंटचे पत्रे आहेत ना, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, श्वासातून फुफ्फुसात गेले तर घातक ठरणारे तंतू. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत. पाण्यानं भिजवून अख्खे उतरवायचे, आणि गडी लोकांना नाका-तोंडावर बारीक धूळ अडवणारा मास्क लावायला सांगायचं. दुसरं, जुन्या दारं-खिडक्यांचा तेलरंग. घरगुती रंगात शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमची दारं त्याच्या कितीतरी आधीची. त्या लाकडाचे भाजीचे वाफे करू नकोस आणि ते घासून भुकटी उडवू नकोस. तिसरं, टायर. टायर रंगवून त्यात झाडं लावलेली सगळीकडे दिसतात, पण आतल्या पन्हाळीत पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास नेमका तिथं अंडी घालतो.

आता मातीचं. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पाया खणायच्या अगोदर परसातली वरची वीतभर माती काढून एका कोपऱ्यात ढीग करून ठेव. काकूंनी चाळीस वर्षं भाजीचे देठ आणि राख टाकून केलेली ती माती आहे, आणि यंत्र एकदा फिरलं की ती खालच्या मुरमात मिसळून जाते, पुन्हा हाताला लागत नाही. बांधकाम करणाऱ्यांना तिची किंमत नसते, नंतर तेच लोक तांबडी माती ट्रॉलीवर विकत आणून टाकतात. मृग लागला की त्या ढिगावर ताग पेर. पावसानं माती वाहणार नाही, आणि फुलावर यायच्या सुमारास ताग तिथंच कापून गाडलास की खताचं काम झालं.

आणि यंदाचा पावसाळा बागेचा एक दगडही न बसवता नुसता बघण्यात घालव. बांधकामावर फेरी मारशील तेव्हा छत्री घेऊन दहा मिनिटं परसात उभा राहा. पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, कुठं माती खरवडतं, हे खडूनं भिंतीवर लिहून ठेव. हजार चौरस फुटांच्या छपरावर १० मिलीमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटरच्या वर पाणी होतं. आपल्याकडे एका सरीत तेवढा सहज पडतो. हे पाणी पन्हळीतून एका जागी धो-धो कोसळतं आणि खड्डा पाडतं. माझ्याकडे पन्हळीखाली आजीचं जातं ठेवलंय. वरची तळी बाजूला करून, खालची तळी जमिनीबरोबर बसवली. धार दगडावर आपटते, पसरते, आणि तिथून चरानं कर्दळीच्या आणि अळूच्या वाफ्यात जाते. पहिल्या वळवाला आई दारात उभी राहून ते बघत होती. काही बोलली नाही, बराच वेळ तिथंच उभी होती.

पुढचं वर्ष मग ऋतूच्या चालीनं जातं. रोहिणीत खड्डे तापवून भरून ठेवायचे, मृगात लावायचं. झेंडू जूनअखेरीस पेरला की दसऱ्याला तोरणाला येतो, शेवंतीच्या फुटव्यांची लावणही तेव्हाच. तेरडा आणि गुलबक्षीला काही करावं लागत नाही, गेल्या वर्षीचं बी आपोआप उगवतं. श्रावण-भाद्रपदात माणसं बागेत उगाच खत टाकतात. त्या दिवसांत फक्त निचरा सांभाळायचा. हस्ताचा पाऊस सरला की आठ दिवसांत ऑक्टोबरचं ऊन मातीची वाफ काढतं, त्याआधी आच्छादन पडलं पाहिजे. माझ्याकडे उसाचं पाचट असतं, तुला तिकडं पालापाचोळा मिळेल. जाड थर दे, पण खोडापासून वीतभर लांब ठेव, नाहीतर वाळवी चढते. थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर. जानेवारीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं, छाटणी करायची आणि मग खत-पाणी सुरू करायचं. चैत्रात ओंजळी भरून फुलं येतात.

माघ-फाल्गुनातल्या पानगळीसाठी मी वर्षभर थांबतो. आमच्या गल्लीत लोक सकाळी पानं झाडून काडी लावायचे. मी रिकामी पोती घेऊन घरोघर गेलो, म्हटलं मला द्या. पहिल्या वर्षी सव्वीस पोती जमली. विटा सांदी ठेवून रचल्या, त्या हौदात पानं, शेणकाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा असे थर घातले. मृगापर्यंत काळंभोर, मातीच्या वासाचं खत झालं. आमच्या कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर, गणिताचे प्राध्यापक, प्रयोग परिवार या आपल्या शेती-प्रयोगांच्या गटातल्या शेतकऱ्यांना हेच सांगत फिरले, की झाडानं दिलेलं त्याच मातीत परत जिरवा. मी ते ऐकून होतो वर्षानुवर्षं. पोतं खांद्यावर घेतलं तेव्हा कुठं ते अंगात उतरलं.

उन्हाळ्यासाठी जुने माठ जपून ठेव. तोंड मातीबरोबर येईल असा माठ दोन झाडांच्या मध्ये गाडायचा, पाणी भरायचं, वर फुटक्या कौलाचं झाकण. माती कोरडी झाली की माठ पाझरतो, ओली असली की थांबतो. ज्याच्या अंगाला अजून ओल सुटते तोच माठ घे, चिकणा झालेला पाझरत नाही. सध्या वैशाखात मी माझे चार माठ तिसऱ्या दिवशी भरतो, आणि मिरची-वांगी हिरवीगार आहेत.

तुला चंदीगड आठवतं? आपली कॉलेजची सहल. नेकचंदांच्या त्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्यांसमोरून तू हलायलाच तयार नव्हतास, आपली बस चुकायची वेळ आली होती. १९५७च्या सुमारास नेकचंद नावाचा सरकारी नोकरीतला एक रस्ते-निरीक्षक नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांमधलं भंगार सायकलवरून जंगलात नेतो, कुणाला न सांगता रचत बसतो, १९७५ साली ते उघडकीस येतं आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना बघायला खुलं होतं. तू तेव्हा म्हणाला होतास, "ही माणसं ज्या घरांतून उठली, ती घरं इथं आहेत." ते मी विसरलेलो नाही. म्हणून तुझ्या तोंडून 'मलबा' ऐकलं तेव्हा मला राहवलं नाही.

आता असं कर. ठेकेदाराला सांग की कौलं, फरशी, दगड आणि लाकूड वगळून उरेल ते ने. कौलं पुढच्या शनिवार-रविवारी काढायला घे, पाऊस सुरू व्हायच्या आत. मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतो, छिन्नी आणि पोती माझ्याकडची आणतो. वहिनींना म्हणावं जेवणाचा घाट घालू नका, पिठलं-भाकरी पुरे.

आणि मागच्या पडवीत, कोनाड्याखाली, काकूंचं जातं आहे. ते मधल्या काळात कुणी उचलून देऊन टाकू नये म्हणून आजच घरात आत आणून ठेव. नव्या घराची पन्हळ कुठं उतरणार ते काकूंना नकाशावर दाखव आणि जातं कुठं बसवायचं ते त्यांनाच विचार.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शेवटच्या बाकावरचा सोबती