मोटरपंपाचा कच्चा खर्डा: चुका काढायला या

बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या वाचनालयाने मोटरपंपाच्या देखभालीची मराठी पुस्तिका लिहायला घेतली आहे. चार प्रकरणांचा खर्डा तयार आहे. पक्का नाही, पण आहे तसाच वाटतो आहोत. शेतकरी, फिटर, रिवाइंडिंगवाले, वायरमन यांनी तो वाचावा, जमल्यास मोटरीशेजारी बसून वाचावा, आणि पेन्सिलीने बिनधास्त खोडावा, ही विनंती.

अर्धवट लिखाण लोकांत देऊन वाचनालयाचं हसं कशाला करून घेता, असं आमच्यातल्याच काहींनी विचारलं. त्याचं उत्तर परत आलेल्या पहिल्याच प्रतीत मिळालं. पंप 10 मीटर खोलीवरून पाणी ओढतो, असं आम्ही पुस्तकं बघून लिहिलं होतं. त्या ओळीवर काट मारलेली, कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा, आणि खाली पेन्सिलीत कुणा काकांनी लिहिलेलं: "बावीस फुटाखाली ओढत नाही ओ, हवा धरतंय." आम्ही परत हिशोब मांडला. हवेच्या दाबाने पाइपात पाणी जास्तीत जास्त 10.3 मीटर चढतं, पण हा आकडा समुद्रसपाटीचा, तोही पाइपात पूर्ण पोकळी झाली तर. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर. इथं हवेचा दाबच कमी, त्यामुळे आकडा साडेनऊच्या आत येतो. मग पाइपातलं घर्षण, बेंड, जाळीत अडकलेला गाळ, पंपाची स्वतःची गरज. हे सगळं वजा करून सहा-सात मीटर उरतात. म्हणजे काकांचे बावीस फूट!

दुसरी काट शब्दावर होती. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या खालच्या टोकाला बसणाऱ्या फूट व्हॉल्वला आम्ही 'पादझडप' लिहून बसलो होतो. शेतात त्याला सगळे फुटबॉल म्हणतात. आता पुस्तिकेतही फुटबॉलच आहे.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. थ्री फेज मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन फेजच्या वायरी आपसांत बदलायच्या, हे आम्ही बरोबर लिहिलं होतं. पण 'आधी मेन स्विच बंद करा' हे वाक्य त्याच्या खाली, तिसऱ्या ओळीत होतं. हातात पक्कड घेतलेला माणूस तिसऱ्या ओळीपर्यंत थांबत नाही. म्हणून स्टार्टर आणि अर्थिंगची दोन प्रकरणं आम्ही मागे ठेवली आहेत. दोन परवानाधारक वायरमननी वाचून सही केल्याशिवाय ती वाचनालयाबाहेर जाणार नाहीत. बाकीच्या प्रत्येक पानावर 'कच्चा खर्डा' असा शिक्का आहे. तो झेरॉक्समध्ये पुसट येतो, तेवढं बघून घ्यावं.

तेव्हा सगळ्यात आधी हवेत ते हे दोन वायरमन. कन्नड चांगली येणारं कुणीतरीही हवं, कारण दुकानात सामान मागताना कन्नड शब्द लागतात आणि लाईट ऑफिसातले अर्जही कन्नडमध्ये भरायचे असतात. शेवटी त्या शब्दांचं एक पान द्यायचं आहे. चित्रं काढणारं कुणी मिळालं तर सोनंच, कारण आमचा इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चक्र, सध्या जिलेबीसारखा दिसतो.

पैशांपेक्षा कागद दिलात तर बरं. खर्डा 48 पानांचा आहे. दोन्ही बाजूंनी छापला की 24 कागद लागतात, म्हणजे 500 कागदांच्या एका रिमेत वीस प्रती होतात. टोनरसाठी रोख दिल्यास पावती मिळेल. चूक दाखवणाऱ्याला कुंदा द्यावा अशी सूचना आली होती, पण चुकांची संख्या बघून चहावर भागवायचं ठरलं.

पुस्तिका क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली निघेल. कुणीही झेरॉक्स काढावी, आपल्या गावाप्रमाणे बदलावी, कन्नडमध्ये उतरवावी. मूळ कुणाचं ते लिहायचं आणि बदललेली प्रतही तशीच मुक्त ठेवायची, एवढ्याच अटी.

पाऊस आहे तोवर मोटरी बंद आहेत आणि लोकांना थोडी सवड आहे. दिवाळीनंतर विहिरींवर मोटरी सुरू होतील, त्याआधी दुसरा खर्डा काढायचा आहे. प्रती रोज संध्याकाळी 6 ते 8 वाचनालयात मिळतील. परत करताना पान मळलं, फाटलं, तेलकट झालं तरी चालेल. कोरं मात्र आणू नका.

— वाचनालयाची पुस्तिका समिती