प्रीअ‍ॅम्प निवडून देणाऱ्या भाईंना आभारपत्र

आदरणीय भाई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या घरच्या स्टिरिओ संचाला साजेसा प्रीअ‍ॅम्प्लिफायर (सीडी किंवा तबकडीचा सिग्नल स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पकडे पाठवणारे आणि आवाजाची पातळी ठरवणारे यंत्र) निवडून देण्यासाठी आपण भर पावसात म्हापशाहून फोंड्याला आलात, त्याबद्दल मनापासून आभार. ही निवड आपण कशी केलीत तेही येथे जाहीरपणे लिहितो आहे, कारण असा संच जुळवू पाहणाऱ्या इतर रसिकांना त्याचा उपयोग व्हावा.

विक्रेत्याने व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) एक प्रीअ‍ॅम्प सुचवला होता आणि तो देखणा होता, यात वाद नाही. त्याविषयी मत देण्याआधी आपण माझ्या पॉवर अ‍ॅम्पची माहितीपुस्तिका मागितलीत आणि तिच्यातल्या दोनच आकड्यांभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढलेत: पूर्ण शक्तीसाठी लागणारा १ व्होल्ट आणि १० किलोओहमचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत अडथळा). ब्रँड आणि किंमत यांचा विषय त्यानंतर निघाला.

सीडी प्लेयरमधून सुमारे २ व्होल्टचा सिग्नल येतो, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पला लागतो त्याच्या दुप्पट. तिथे वाढ नव्हे, घटच हवी. तबकडीवर सुई टेकवणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून मात्र जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. फोनो स्टेजने, म्हणजे तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाने, ते ४० डेसिबलने, म्हणजे शंभर पटींनी वाढवले तरी अर्धाच व्होल्ट होतो, आणि तो १ व्होल्टपर्यंत नेण्यास ६ डेसिबल गेन (सिग्नलची वाढ), म्हणजे दुप्पट, पुरतो. विक्रेत्याच्या यंत्राचा गेन होता २० डेसिबल, म्हणजे दहापट. तसे यंत्र घेतले असते तर व्हॉल्यूमचा नॉब सुरुवातीच्या थोड्याशा फेऱ्यातच अडकून राहिला असता, आणि नेमक्या त्याच भागात साध्या पोटेन्शिओमीटरचे (नॉबखालच्या बदलत्या रोधाचे) डावे-उजवे चॅनल एकसारखे चालत नाहीत. जास्त गेन म्हणजे जास्त दमदार आवाज, हा समज आमच्या मित्रमंडळीत पक्का रुजलेला आहे. आपण तो चार ओळींच्या हिशेबात उडवून लावलात.

इम्पिडन्सचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट असावा, हा संकेत मी ऐकून होतो, पण आउटपुटवरच्या कपॅसिटरकडे माझे लक्ष आपणच वेधलेत. त्या यंत्रात तो ०.४७ मायक्रोफॅरडचा होता. १० किलोओहमच्या जोडीला तो ३४ हर्ट्झलाच शक्ती निम्मी करतो, म्हणजे त्याखालचे खर्जाचे स्वर आणखी क्षीण होतात. १०० किलोओहमच्या व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्पला लावला, तर हीच मर्यादा ३.४ हर्ट्झवर जाते. यंत्र वाईट नव्हते, माझ्या घरात ते चुकीच्या ठिकाणी आले असते. पंडित जितेंद्र अभिषेकीबुवांच्या गायनात हा फरक कदाचित जाणवलाही नसता. परंतु माझ्या संग्रहात पाइप ऑर्गनच्या तबकड्याही आहेत, आणि सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ३३ हर्ट्झचा असतो, हे आपण बरोबर हेरलेत.

त्याच भेटीत आपण यंत्रे जोडणाऱ्या तारांच्या आरसीए पिना बाहेर काढून त्यांच्यावर चढलेली हिरवट बुरशीसारखी पुटे दाखवलीत. आपल्याकडच्या दमट हवेत पितळेची ही गत होतेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसल्यावर आणि टर्नटेबलची अर्थची तार घट्ट बसवल्यावर स्पीकरमधून येणारी घूंघूं बरीच कमी झाली, तीही एक पैसा खर्च न करता.

अखेर आपल्या सांगण्यावरून ६ डेसिबल गेनचा आणि १०० ओहम आउटपुट इम्पिडन्सचा सॉलिड स्टेट (व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा) प्रीअ‍ॅम्प घेतला. तो दिसायला अगदीच साधा आहे, पाहुणे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मात्र रात्री हळू आवाजात ऐकतानाही तानपुरा आता मधोमध राहतो. सीडी आणि तबकडी यांच्या पातळीतला फरक नॉबवर भरून काढावा लागतो, तेवढे मी आनंदाने करतो.

आपला मल्टिमीटर आमच्याकडेच राहिला आहे. चतुर्थीच्या आधी म्हापशाला येऊन तो पोचता करीन.

आपला नम्र,
फोंड्यातील एक श्रोता