संज्यास, श्टुटगार्टहून

श्टुटगार्ट
नोव्हेंबर, रविवार

प्रिय संज्या,

मेसेजला तू नुसता अंगठा दाखवतोस. फोन केला की "गाडीवर हाय, लावतो नंतर" म्हणतोस आणि तुझं ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून हे पत्र. रविवारी इथं दुकानं बंद, बाहेर गारठा आणि पाच वाजायच्या आत अंधार, त्यामुळं वेळच वेळ आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं गेली. आता तुमच्या-आमच्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर. मी ऑफिसातून घरी पोचतो तेव्हा तुमच्याकडं साडेदहा-अकरा झालेले. बाबा झोपलेले, आई डुलक्या घेत फोन धरून बसलेली. दर वर्षी ती विचारते, "सरकारनं सांगितलं म्हणून वेळ कशी मागं जाईल?" युरोपात याच्यावर अजून वाद चालू आहेत, तर मी तिला काय सांगणार!

खरं सांगू का, त्या रोजच्या फोनात बोलणं असं होतच नाही. जेवलायस काय, थंडी लई हाय काय, बरं ठेवते. हजेरी लागते एवढंच. त्यावर मी एक तोड काढलीय. रविवारी दुपारी फोन लावायचा आणि दोघांनी आपापली कामं करत राहायची. आई मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून मेथी निवडत बसते, मी इकडं शर्टांना इस्त्री करतो. निम्मा वेळ मला तिची हनुवटी आणि वरचा पंखा दिसतो. बराच वेळ कुणीच बोलत नाही. आणि मग मेथीची काडी मोडता मोडता ती मधेच सांगून टाकते, की बाबांची शुगर वाढलीय आणि त्यांनी मला कळवू नको म्हणून बजावलंय. "कसे आहात" असं विचारलं असतं तर "मजेत" याच्यापुढं गाडी गेली नसती.

दोघं उन्हाळ्यात इथं येऊन गेले हे तुला माहीत आहे. गणपतीच्या आधी घरी पोचायचं ही बाबांची अट. त्यामुळं मेअखेरीस आले आणि व्हिसाचे 90 दिवस संपायच्या आत परतले. इथं भाडेकरूंनी आळीपाळीनं जिना झाडायची पद्धत आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. श्टुटगार्टकर या बाबतीत कडक. आमच्या दाराला पाटी लागली आणि आईनं जिना असा काही पुसला की खालच्या मजल्यावरच्या आजीबाई बघायला वर आल्या. दुसऱ्या दिवशी प्लमचा केक आला, तिसऱ्या दिवशी चकल्या खाली गेल्या. एकीला जर्मन सोडून काही येत नाही, दुसरीला मराठी सोडून. पण गुडघेदुखीवर दोघी तासभर बोलत होत्या. मला इथं इतकी वर्षं झाली, आजीबाईंना मुलगी आहे हे मला आईकडून कळलं.

जूनमध्ये त्यांना घेऊन झुरिचला ताईकडं गेलो. वाटेत शाफहाउजनला उतरून ऱ्हाईनचा धबधबा दाखवला. बर्फ वितळतं तेव्हा पाणी भरपूर असतं, कठड्यावर उभं राहिलं तरी अंगावर तुषार येतात. पाटी वाचून मी सांगितलं, रुंदी 150 मीटर, उंची 23. बाबा म्हणाले, "मग गोकाकचा याच्या दुप्पट उंच हाय की!" आणि खरंच आहे, गोकाकचा 52 मीटर आहे.

ताई राजारामपुरीत राहायची, आम्ही शिवाजी पेठेत. कोल्हापुरात असताना भेट कुठं व्हायची? लग्नात, पंगतीला, "ये की घरी" म्हणायला. आता तीन तास रेल्वेत बसून जातो आणि मुक्काम ठोकतो. रात्री हॉलमध्ये गाद्या टाकून दोनपर्यंत मावशीच्या गोष्टी. मावशी गेली तेव्हा ताईला वेळेत पोचता आलं नव्हतं, हे तिनं त्या रात्री पहिल्यांदा काढलं. आई काही बोलली नाही, तिच्या केसांना तेल लावत बसली. जवळ होतो तेव्हा हे बोलायला सवड नव्हती; दूर आल्यावर मुद्दाम तिकीट काढतो, म्हणून बोलणं होतं, असं मला वाटायला लागलंय. तू म्हणशील शहाणपणा शिकवू नकोस. बरं.

दिग्याकडं आइंडहोवनलाही जाऊन आलो. जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात हे आपण वालचंदच्या हॉस्टेलवर ऐकलेलं विसर. कोलोनला पुढची गाडी चुकली. स्टेशनाला लागूनच ते 157 मीटर उंच चर्च आहे. म्हटलं वेळ आहे तर आईला व्हिडिओवर दाखवावं. कॅमेरा वर वर नेतोय तर तिचा प्रश्न, "ते राहू दे, आत देव दिसतोय काय?" दिग्या आहे तसाच आहे. पोट सुटलंय, भात अजून कच्चाच ठेवतो.

आता तुझ्या येण्याचं. उन्हाळ्यात येणार म्हणतोस तर जानेवारीतच कागद सुरू कर. हमीपत्र मी इथल्या कार्यालयातून करून पाठवतो, त्याची मूळ प्रतच लागते. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. बोटांच्या ठशांसाठी तुम्हा दोघांना स्वतः जावं लागेल, एजंटाच्या भरवशावर राहू नकोस. सामानात पेढे आणि तूप नको, दूध-मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला इथं बंदी आहे. कांदा-लसूण मसाला मात्र काकूंच्या हातचाच आण, नीट पॅक करून.

आणि काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळव. मला डिसेंबरात सुट्टी टाकायची आहे, ती त्याच्या मागं-पुढं धरतो. दवाखान्यात रात्री बसायला तुला कुणीतरी लागेलच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मंद्या