लकडगंजच्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा अर्धा टाकून उठता. म्हणून इथे लिहिते. तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेलच.

गेल्या मे महिन्यातल्या वादळात अंगणातला आंबा पडला. आजीकडे होती तशी भाकरीचं पीठ मळायची काठवट त्यातून लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, कातायची, असं मी ठरवलं. अनुभव काय, तर चार लाटणी आणि एक रवी! १६ इंच व्यासाचा, ६ इंच जाडीचा ओला ठोकळा, वजन १८ किलोच्या आसपास. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू मारून तो फेसप्लेटवर, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीवर, चढवला, मोटारीचा पट्टा लाटण्याच्याच वेगावर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन स्टँडसकट चालायला लागलं, दोन स्क्रूंची डोकी तुटली आणि ठोकळा थेट तुळशीच्या कुंडीवर. मी बाजूला उभी होते, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी आरा मशीनवर हे रडगाणं सांगत होते, ते तुम्ही मागे बसून ऐकलंत. "ताई, तुमी लाटनं नाही, जातं फिरवून राह्यल्या," म्हणालात आणि भर उन्हात घरी आलात.

नंतर मी हिशेब केला. लाटण्याच्या वेगाला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, २ इंची लाटण्याचा पृष्ठभाग ताशी ११ किलोमीटरने फिरतो. १६ इंची ठोकळ्याचा काठ ९० च्या वर. तुम्ही हिशेब न करता पट्टा खालच्या पुलीवर टाकलात, ४०० फेऱ्यांवर. त्याआधी जाड लाकडी स्क्रू, समोरच्या टोकाकडून टेलस्टॉकचा टेकू, स्टँडवर रेतीची दोन पोती. ठोकळा हाताने फिरवून सोडायचा. जी बाजू दर वेळी खाली येते तिथलं लाकूड करवतीने उतरवायचं. हे तुम्ही पाच वेळा करायला लावलंत. तिसऱ्या वेळी मला राग आला होता, आता कबूल करते.

पटाशीचा दांडा कमरेला टेकवून हाताऐवजी अंगाने फिरायचं, बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे जायचं, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा ओल्या आंब्याच्या लांब साली माझ्या चष्म्यावर येऊन बसल्या. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

पण खरी काठवट वाचवली ती तुमच्या शेवटच्या सूचनेने. मी ती एका दिवसात पूर्ण करून कूलरसमोर वाळवणार होते. नागपूरच्या मे महिन्यात! तुम्ही दीड इंच जाडी राखून थांबवलंत, लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जाऊन त्यांची टोकं उघडी पडली होती तिथे मेण लावलंत आणि तिच्याच भुशासकट गोणीत भरून कोठीत ठेवायला सांगितलंत. डिसेंबरात उघडली तर एका अंगाने अर्धा इंच आकसून लंबगोल झालेली, पण तडा एकही नाही. पुन्हा चढवून गोल केली, जवसाचं कच्चं तेल पाजलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. त्याच आंब्याची दुसरी काठवट गोणीत आहे, ती तुमच्या घरची. फक्त तिचं बूड मी एकटी कातणार नाही. रेतीची पोती अजून स्टँडवरच आहेत, आणि चहा पूर्ण प्यायला लागेल.

तुमची,
लाटणेवाली ताई