शेजारी किल्ली ठेवलीस का?

वाशी, सेक्टर ९
गुरुवार, रात्री

चि. अमेयला अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर परत आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणाली, नका लिहू, तो दमून येतो. पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मंगळवारी इरा दीड तास खाली लॉबीत बसून होती, हे मला तुझ्याकडून नाही, तिच्याकडून कळलं. तेही सहज बोलता बोलता. "आबा, मी आज खाली सोफ्यावर अभ्यास केला." का गं? "पावसामुळे शाळा लवकर सुटली, घरी कोणी नव्हतं." एवढंच. तिला त्यात विशेष काही वाटलंही नाही, लगेच नव्या कंपासपेटीबद्दल सांगायला लागली. मला मात्र त्यापुढचं काही ऐकू आलं नाही.

मग तुला फोन लावला आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलून बसलो. "कसले आईबाप तुम्ही" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. प्राचीने ऐकलं असेल तर तिला सांग, बाबांना वाईट वाटतंय. तुमच्या ठाण्यातला घोडबंदर रोड पावसात कसा तुंबतो ते मला ठाऊक आहे. ती ऐरोलीहून निघालेली, तू बीकेसीत अडकलेला. दोष कोणाचाच नाही. पण मी तुला एकच विचारलं होतं, की शेजारी किल्ली ठेवली आहेस का. त्यावर तू म्हणालास, "बाबा, इथे असं कोणी किल्ली देत नाही. इथे सिक्युरिटी आहे, कॅमेरे आहेत, सोसायटीचं ॲप आहे." कॅमेऱ्यात ती दिसली असेल रे. पण तिला वर नेऊन ओलं डोकं कोण पुसणार होतं?

असो. किल्लीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

लिहायचं होतं ते वेगळंच. समोरच्या नायरमावशी चालल्या. कायमच्या, त्रिशूरला, लेकीकडे. आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार हे आता नक्की झालंय, दिवाळीनंतर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. त्या म्हणतात, मी आता भाड्याच्या घरात सामान कुठे हलवू, नवीन इमारत होईपर्यंत मी असेन की नाही. काल सकाळी आल्या, चहा घेतला, आणि जाताना टेबलावर आपली किल्ली ठेवली. लाल दोऱ्यातली. तू पाचवीत असताना त्या दोऱ्यात प्लॅस्टिकचा गणपती ओवला होतास, तो अजून आहे. सोंड तुटलेली, रंग उडून पांढरा पडलेला. कुलूप आपण दोनदा बदललं, पण दोरा तोच. नव्या कुलपाची पहिली किल्ली आधी त्यांच्या दारामागच्या खिळ्यावर जायची, मग माझ्या खिशात. अडतीस वर्षं. त्या गेल्यावर तुझी आई ती किल्ली हातात घेऊन किती वेळ नुसती उभी होती. कुठे ठेवू म्हणाली. आपल्याच घराची किल्ली आपल्या घरात ठेवायला जागा सापडेना.

तुला वाटतं वाशी पहिल्यापासून अशीच होती. आम्ही १९८६ ला आलो तेव्हा इथे कोणाचंच कोणी नव्हतं. आजोबांची गिरणी १९८२ च्या संपात गेली ती गेलीच, परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, आणि मला तुर्भ्याच्या कंपनीत नोकरी लागलेली. सिडकोच्या घराचे हप्ते भरायचे म्हणून तुझ्या आईने मंगळसूत्राच्या वाट्या तेवढ्या ठेवल्या. तुझी आजी पहिल्या दिवशी गॅलरीत उभी राहून म्हणाली होती, "हय माणसा खंय आसत?" समोर मोकळं माळरान, त्यापलीकडे खारफुटी. पत्ता म्हणजे नुसते आकडे. सेक्टर, टाइप, बिल्डिंग, खोली. चाळीत आम्हाला पत्ता कधी लागला नव्हता, नाव सांगितलं की बस. रात्री ती उशीवर डोकं ठेवून रडायची, मला ऐकू यायचं, आणि मी झोपल्याचं सोंग करायचो.

आणि हे तुला कधी सांगितलेलं नाही, पण आज सांगतो. समोरच्यांना किल्ली मी दिली नव्हती. मी तुझ्यासारखाच होतो. परळला दाराला कडीसुद्धा लागत नव्हती आणि इथे आल्यावर मी दोन दोन कुलपं लावायचो. आजीनेच एक दिवस मला न विचारता नायरमावशींना किल्ली देऊन टाकली. मी शिफ्टवरून आलो आणि तिच्यावर ओरडलो. आईवर. परके लोक, भाषा कळत नाही, गाव माहीत नाही, किल्ली कशी दिलीस? तेव्हा ती म्हणाली, "किल्ली दिल्याबिगर वळख कशी होतली रे?"

भाषा खरंच कळत नव्हती. आजी मालवणीत बोलायची, नायरमावशी मल्याळममध्ये. पण दोघींच्या घरी नारळ, दोघींच्या घरी उकडा तांदूळ. एकमेकींना वाटी दाखवून काय हवं ते मागायच्या. कढीपत्त्याचं रोप खाली दोघींनीच लावलं. आजी गेली तेव्हा त्यांनी दहा दिवस आमच्या घरात चूल पेटू दिली नाही, सगळं त्यांच्याकडून यायचं.

२६ जुलै तर तुला आठवत असेलच. २००५. तू आठवीत, चिऊ तिसरीत. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, फोन बंद. तुझी आई फोर्टात, मी महाप्याला. कंबरेएवढ्या पाण्यातून चालत रात्री अकराला बिल्डिंगखाली पोचलो. वीज नव्हती. वर बघितलं तर आपली खिडकी काळीकुट्ट. अमेय, ते तीन जिने मी कसे चढलो ते मला आजही सांगता येणार नाही. आणि समोरच्या दारात मेणबत्ती, तू नायरकाकांचं मुंडू गुंडाळून जमिनीवर झोपलेला, चिऊ मावशींच्या कुशीत. त्यांनी तुमचे गणवेश पिळून पंख्याला टांगून ठेवले होते. आई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिने घरी येऊन पहिल्यांदा तुला नाही, मावशींना मिठी मारली. तुला तेव्हा राग आला होता.

मंगळवारी इराचा फोन ठेवला आणि मला तीच काळी खिडकी दिसली. म्हणून मी ओरडलो. तुझ्यावर नाही रे.

तू घर घेतलंस याचा मला किती अभिमान आहे हे मी तुला नीट सांगितलेलं नाही. वास्तूच्या दिवशी सगळे होते, मला बोलता आलं नाही. तेविसाव्या मजल्यावर, स्वतःच्या नावावर कर्ज काढून. एका खिडकीतून येऊरचे डोंगर, दुसरीतून खाडी. माझ्या वडिलांनी आयुष्यभर चाळीच्या गॅलरीतून समोरची चाळ बघितली. मी कंपनीतल्या जुन्या मित्रांना सगळ्यांना फोटो पाठवले. पण परत येताना लिफ्टमध्ये तुझ्याच मजल्यावरच्या बाई होत्या, मी नमस्कार केला, आणि तू मोबाइल बघत होतास. खाली आल्यावर मी विचारलं, कोण त्या? तू म्हणालास, माहीत नाही बाबा, भाडेकरू असतील. दीड वर्ष झालं तुला तिथे जाऊन.

आणि तू ठाण्यात राहतोस असं आम्ही सगळ्यांना सांगतो, पण तुझ्या तोंडी तर "स्टेशनला जायचं म्हणजे ठाण्याला जायचं" असं असतं. जाऊन तर बघ. या देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदरहून निघून त्या ठाण्यालाच आली. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे, इराचं नाव तिथे घाल. तलावपाळीला संध्याकाळी ने तिला, कौपिनेश्वराच्या देवळात ने, गडकरी रंगायतनला बालनाट्य असेल तेव्हा ने. एवढं लांब नको तर कासारवडवलीलाच राममंदिर आहे, समोर तळं आहे. ओवळ्याला ओवळेकर वाडीत रविवारी सकाळी फुलपाखरं बघायला मिळतात, तिथवर तुला गाडी काढून किती वेळ लागतो? तुमचा टॉवर उभा राहायच्या आधीपासून कासारवडवली, ओवळे, वडवली ही गावं आहेत. तिथल्या माणसांशी बोल. जुहूगावची मावरेवाली मावशी आठवते? आपल्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यावर पाटी टेकवून म्हणाली होती, "तुजा घर हाय ना, तिकरं आमचा भात पिकायचा." मला काय बोलावं सुचेना. पंच्याण्णव गावांच्या जमिनी गेल्या तेव्हा कुठे हे शहर झालं, आणि मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईकडे गोळीबार होऊन पाच माणसं गेली. ती हे सगळं सांगायची आणि तरीही आईला सुरमई घरचीसारखी निवडून द्यायची. तिच्यामुळे मला कळलं की आपण मोकळ्या माळावर नाही, कोणाच्या तरी शेतात राहायला आलोय. त्यानंतर मी वाशीला नावं ठेवणं बंद केलं.

बघ, परत भाषण सुरू झालं. तुला चिडायला कारण नको म्हणून पत्र लिहितोय आणि पत्रातही तेच. माफ कर. तुमचे दिवस वेगळे आहेत हे मला कळतं. प्राचीची नोकरी, तुझे रात्रीचे कॉल, त्यात शनिवारी इराचं स्विमिंग. आम्हाला संध्याकाळी जिन्यात गप्पा मारायला वेळ होता, तुम्हाला नाही. लिफ्टमध्ये माणूस किती बोलणार?

तरी एक सांगतो. इराला मी विचारलं, तू एकटीच बसली होतीस का खाली? ती म्हणाली, "नाही आबा, अकराशे दोनचे आजोबा होते. त्यांच्याकडे कुत्रा आहे, लाडू नावाचा. त्यांनी माझा पाढा घेतला." मी चमकलोच. आधी भीती वाटली, कोण माणूस, पोरीजवळ कशाला बसला. मग विचारत गेलो. ती यायच्या वेळी ते रोज खाली असतात. वॉचमनला त्यांनीच सांगितलं की हिच्या आईला फोन लाव. फोन लागेना तेव्हा त्यांनी बायकोला वरून टॉवेल आणि बिस्किटं आणायला लावली. म्हणजे डोकं पुसलं होतं कोणीतरी. हे तुला माहीत होतं का? मला वाटतं नसावं, नाहीतर तू फोनवर ॲपचं नाव न घेता त्यांचं घेतलं असतंस. तुझ्या मुलीला त्यांचा फ्लॅट नंबर पाठ आहे, कुत्र्याचं नावही.

मी असं म्हणत नाही की उद्याच्या उद्या त्यांच्या हातात किल्ली दे. माणूस पारखून घ्यायला हवा, पोरीचा प्रश्न आहे, दिवस चांगले नाहीत. पण एकदा चहाला तर बोलाव. नाहीतर तूच जा त्यांच्याकडे. पुढच्या पावसात शाळा परत लवकर सुटेल, रस्ता परत तुंबेल, आणि मी इथे वाशीत फोन हातात घेऊन बसलेला असेन. ठाणे लोकल पकडून यायचं म्हटलं तरी पुढे घोडबंदर आहेच. मला सहासष्ट वर्षं झाली, आता पाण्यातून चालत येणं होणार नाही.

आम्ही दिवाळीनंतर कुठे जाणार ते अजून ठरलेलं नाही. तू म्हणालास आमच्याकडे या, त्यावर मी फोनवर काहीच बोललो नाही, ते तुला लागलं असेल. नको म्हणून गप्प नव्हतो. आईचा विचार करत होतो, तिकडे तिला दुपारी बोलायला कोण असेल. सेक्टर दहामध्येच एक भाड्याचं घर बघितलंय, भाजी मार्केट जवळ आहे आणि जुनी माणसं आसपास आहेत. पण तू विचारलंस हे मला बरं वाटलं.

रविवारी आम्ही दोघं येतो. आईने नारळाच्या वड्या केल्यात, दोन डबे भरलेत. एक तुमचा, एक अकराशे दोनचा. इराला त्या आजोबांना सांगून ठेवायला सांग. प्राचीला सांग, स्वयंपाकाचं काही करू नकोस, आई सगळं घेऊन येणार आहे. गेटवर आमची नावं टाकून ठेव, मागच्या वेळी आईचे पाय दुखले.

तुझा,
बाबा

ता. क. तुमच्या दाराच्या लॅचवर कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघून कळव. मार्केटमधला किल्लीवाला म्हणतो, कंपनी कळली तर कोरी किल्ली मागवून ठेवतो, मूळ किल्ली आणली की तिथल्या तिथे कापून देईल.