आजोबांचं झिरो तिकीट, नातवाचं हाफ

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 'दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठे न्याल' असं पानभर आलं होतं. मी ते सगळं वाचलं, जाहिरातीसकट. सहा जागा दिल्या होत्या आणि सहाच्या सहा तिकिटाच्या, दोन वॉटर पार्क, बाकी रिसॉर्ट आणि मॉलमधलं ते उड्या मारायचं काहीतरी. आणि सगळ्यात खाली एक ओळ, की आजी-आजोबांनाही सोबत न्या, त्यांचाही विरंगुळा होईल. म्हणलं ह्या विरंगुळ्यावर दोन शब्द लिहावेत.

तर आमचा असा विरंगुळा ह्या मे महिन्यात होऊन गेलाय. मुलगा पुण्याहून आला, हौसेने आम्हा दोघांना आणि पोरांना एका वॉटर पार्कला घेऊन गेला, नाव लिहीत नाही, कुठलंही धरा, सगळीकडे तेच असणार. मी पाण्यात उतरणार नाही, नुसता बसणार आहे असं खिडकीवरच्या पोराला सांगितलं तरी माझं पूर्ण तिकीट घेतलं. मग आत गेल्यावर मी 5 तास काय केलं तर 4 मोबाईल, 3 पाकिटं, 1 पर्स आणि सगळ्यांच्या चपला राखल्या. नातू माझ्याकडे दोनदा आला, एकदा टॉवेल न्यायला आणि एकदा पैसे मागायला. आमची ही, म्हणजे बायको, सावलीच्या मागे मागे खुर्ची सरकवत होती, 44 डिग्रीत सावली तरी किती टिकणार. संध्याकाळी मुलगा म्हणतो, काय पप्पा, मजा आली ना? आता त्याने एवढा खर्च केला, त्याला काय सांगणार, म्हणलं हो आली.

मी एसटीत वाहक होतो, 34 वर्षं. खान्देशातला असा रस्ता नाही की ज्याच्यावर मी तिकीट फाडलं नाही, हातात ट्रे आणि पंच. आता वय 76. आणि ज्या एसटीत जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली तिथे आता मला शून्य रुपयाचं तिकीट मिळतं, आमच्या भाषेत झिरो तिकीट, 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांनाच मिळतं, आधार कार्ड दाखवायचं बस्स. 65 ते 75 वाल्यांना अर्धं. बायांना 17 मार्च 2023 पासून वय कितीही असो अर्धं. पोरांना 5 वर्षांपर्यंत काहीच नाही आणि 5 ते 12 हाफ. म्हणजे आमच्या घरचा हिशोब करा, माझं झिरो, हिचं अर्धं, नातू 9 वर्षांचा त्याचं हाफ, नात साडेचार वर्षांची तिचं काहीच नाही. चार माणसं एका फुल तिकिटात! (सिटी बसला मात्र ही सवलत लागत नाही आणि राज्याच्या हद्दीबाहेरही नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या कोणी भांडायचं वाहकाशी आणि म्हणायचं पेपरात आलंय.)

गंमत अशी की हे झिरो तिकीट लोक फक्त दवाखान्याला, लग्नाला आणि दहाव्याला जायला वापरतात. नातवंडं घेऊन फिरायला निघालेला म्हातारा मी अजून दुसरा पाहिला नाही.

वॉटर पार्कनंतर मी ठरवलं होतं की पुढच्या सुट्टीत पोरं माझ्या ताब्यात. तशी ती गणपतीत 4 दिवस आली तेव्हा पहिल्या दिवशी पद्मालयाच्या गणपतीला नेली. एरंडोलहून 10-एक किलोमीटर. जाताना शेजारच्याची रिक्षा केली, तिचे पैसे लागले, ते लपवत नाही. पण तिथे पोचल्यावर मग काही नाही. तळं कमळांनी भरलेलं होतं. ही तळ्याच्या काठाला बसली, हाताने पाणी घेतलं आणि कमळाच्या पानावर शिंपडलं. थेंब पाऱ्यासारखे पळाले. नात बघतच राहिली. मग दोघांनी तेच सुरू केलं, कोणाचा थेंब आधी पानाच्या मधोमध जाऊन बसतो ह्याची शर्यत, पाऊण तास, मी घड्याळ लावून सांगतो, पाऊण तास फक्त पाणी शिंपडत होते आणि एकदाही मोबाईल मागितला नाही. मग देवळात दोन गणपती, एकाची सोंड डावी आणि एकाची उजवी, ह्यावर नातीने विचारलं की ते भाऊ-भाऊ आहेत का, मला उत्तर आलं नाही. तिथली मोठी घंटा बघितली. भीमकुंडाकडे जाताना मी बकासुराची गोष्ट लावली. आमच्याकडे म्हणतात की एरंडोल म्हणजेच ती एकचक्रा नगरी जिथे भीमाने गाडाभर अन्न खाल्लं आणि वर राक्षसाला मारलं. नातवाने विचारलं गाड्यात काय काय होतं. ही म्हणाली वरण-बट्टी. व्यासांनी काय लिहिलंय मला माहिती नाही, पण आमच्या घरात आता ते वरण-बट्टीच राहणार.

दुसरी खेप मोठी, चांगदेवला. एरंडोल-जळगाव, मग जळगावहून मुक्ताईनगरची गाडी. मी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं की थांबे पाठ करायचे, नशिराबाद, साकेगाव, भुसावळ, दीपनगर, वरणगाव. साकेगावला वाघूर नदी, दीपनगरला त्या वीज केंद्राच्या चिमण्या, नातू म्हणतो आजोबा ढगाचा कारखाना. जळगावपर्यंतच्या गाडीत एक म्हातारी शेजारी बसली होती, तिने अहिराणीत विचारलं, "कथा चालनात भाऊ?" म्हणजे कुठे चाललात, आणि नातवाला "आठे बठ पोऱ्या", इथे बस पोरा, म्हणून खिडकी दिली. पुण्यात घरात आमची बोली बोलतच नाहीत, त्यामुळे त्याला ते इतकं आवडलं की दिवसभर ज्याला त्याला "कथा चालनात" विचारत होता. भुसावळच्या पुढे लोक त्याच्याकडे हसून बघायला लागले, कारण तिकडे लेवा बोली, अहिराणी नाही. दर 50 किलोमीटरवर बोली बदलते हे एवढ्या पोराला पुस्तकातून कसं कळणार.

चांगदेवला तापी आणि पूर्णेचा संगम आहे आणि काठावर यादवांच्या काळातलं दगडी मंदिर, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं, तिकीट नाही. तिथे बसून मी गोष्ट सांगितली, 1400 वर्षांचे चांगदेव वाघावर बसून आले आणि ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली वगैरे. पण नातीला भिंतीचं काही नाही. तिला एवढंच पटलं की एवढ्या म्हाताऱ्या बाबाची गुरू झाली ती छोटी मुक्ताई. तेव्हापासून ती मला दटावते, "आजोबा, तुम्ही चांगदेव, मी मुक्ताई, ऐका माझं."

आता ह्या चांगदेवावरून एक भानगड झाली. मी बोलता बोलता म्हणलो की अजून एक चांगदेव आहे, आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणला. नातू म्हणे तोच का? तो नाही रे. हा दुसरा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू. भास्कराचार्य म्हणजे ते गणिताचे, जन्म इ.स. 1114. त्यांच्या ह्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला, आणि तसा शिलालेखच आहे, शके 1128 चा, म्हणजे 1207 च्या आसपास, संस्कृतात, शेवटचा भाग जुन्या मराठीत. नातवाने आजोबांच्या नावाने शाळा काढली ह्याचा दगडावरचा पुरावा आपल्या पाटणादेवीच्या परिसरात सापडला आणि आपण पोरांना नेतो कुठे, तर घसरगुंडीवर. नातू थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणतो, आजोबा, तुमचे ग्रंथ कुठेत? म्हणलं माझा ग्रंथ म्हणजे वेबिल, तिकिटांच्या हिशोबाचा कागद, तो डेपोत जमा केलाय.

पाटणादेवीला ह्या दिवाळीत न्यायचं ठरलंय. चाळीसगावहून 18-एक किलोमीटर, पाऊस झालेला असला की डोंगर हिरवागार असतो.

बाकी जागा पटापट सांगतो. जळगावात मेहरूण तलावाचा काठ, सकाळी 7 च्या आत, आणि थंडीत आले तर मेहरूणची बोरं. पारोळ्याचा किल्ला 1727 चा, झाशीच्या राणीच्या सासरचं घराणं नेवाळकर, त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. नंदुरबारला शिरीषकुमारचं स्मारक, 9 सप्टेंबर 1942 ला झेंडा हातात असताना गोळ्या लागल्या तेव्हा 15 वर्षांचा होता, माझा नातू 9 चा, तो तिथे आपणहून हात जोडेल, सांगावं लागणार नाही. अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही पण जळगावहून 60 किलोमीटर, 15 वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीटच नाही, आपल्या मोठ्यांचं 40 रुपये. 18 एप्रिल आणि 19 नोव्हेंबरला मोठ्यांनाही माफ असतं, पण सोमवारी बंद, आणि पायऱ्या आहेत, गुडघ्याचं आपलं आपण बघा. भुसावळ स्टेशन फुकट नाही, पण 10 रुपयांच्या प्लॅटफॉर्म तिकिटात 2 तास गाड्या बघता येतात. लहान पोराला तेवढी गाडी आणि इंजिनं म्हणजे जत्राच. पाचोरा-जामनेरची पीजे चालू असती तर सगळ्यात आधी तिच्यात बसवलं असतं, 56 किलोमीटरची छोटी गाडी, माझ्या मुलाला मी तिच्यातून मामाकडे न्यायचो, खिडकीतून हात काढला की ज्वारीचं कणीस हाताला लागेल असं वाटायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेजचं काम. ब्रॉडगेज चांगलंच आहे, माझी तक्रार नाही, पण नातवाला ती गाडी दाखवता आली नाही ती नाहीच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

एका जागी (नाव लिहीत नाही, तिथली माणसं चांगली आहेत) आम्ही सकाळी 10 ला पोचलो. बायांसाठी संडास-बाथरूमचं बांधकाम झालेलं होतं, फरशी लावलेली, वर बोर्ड, आणि दाराला कुलूप. चावी कोणाकडे तर एका माणसाकडे आणि तो माणूस जळगावला गेलेला. हिने काय केलं माहितीय का? दिवसभर पाणीच पिलं नाही. मला दुपारी कळलं, जेव्हा तिला चक्कर आली. मी रागावलो तर म्हणते, आम्ही बाया नेहमीच असं करतो, बाहेर निघायचं तर सकाळपासून पाणी कमी करायचं. 40 वर्षं संसार झाला आणि मला, जो रोज शेकडो बायांना गाडीत बसवायचा त्याला, हे माहिती नव्हतं. आता कळलं की कित्येक आज्या "तुम्ही जा, मी घरीच बरी" का म्हणतात.

तिकीट माफ करून निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे उघडा संडास, प्यायचं पाणी, आणि पाठ टेकायला एक बाक, तोही सावलीत. देणगीदारांची नावं कोरलेले सिमेंटचे बाक असतात, पण नेमके उन्हात ठेवलेले, नाव वाचायला सोपं जावं म्हणून की काय कोण जाणे. आणि चौथी गोष्ट म्हणजे परतीची गाडी. जाताना गाडी मिळते. येताना शेवटची फेरी कितीला आहे हे तिथे कोणालाच नक्की माहिती नसतं, दुकानवाला म्हणतो 5 ला, रिक्षावाला म्हणतो बंद झाली (तो तर म्हणणारच). तरणा माणूस लिफ्ट मागेल. दोन पोरं आणि पायात गोळे आलेली बायको घेऊन 76 वर्षांचा माणूस फाट्यावर उभा राहिला की मग घरचे म्हणतात, तुम्हाला सांगितलं होतं ना, आपली कार करून जायचं. आणि मग कुठलं झिरो तिकीट.

तर तुम्हाला विनंती अशी की तुमच्या पुरवणीत दर रविवारी एक चौकोन द्या, फार मोठा नको, एका जागेचा. तिथे तिकीट आहे की नाही, संडास उघडा असतो का, पायऱ्या किती, पाणी आहे का, आणि परतीची शेवटची गाडी कितीला. वर्णन कमी असलं तरी चालेल, निसर्गाच्या कुशीत वगैरे तर नकोच. तुमचा वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहे, त्याने एकदा दार ढकलून बघायचं, उघडतंय का. गाड्यांच्या वेळा मी स्वतः डेपोत जाऊन लिहून आणून देतो, जुने सहकारी आहेत, नाही म्हणणार नाहीत. आणि ज्यांच्याकडे अशा चाव्या आहेत त्यांनी हे वाचलं तर चावी जळगावला नेऊ नका, शेजारच्या दुकानात ठेवून जा.

पोरं दिवाळीला येतायत, दोघांचे फोन येऊन गेले. नातीला बसमध्ये दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची आहे, मागच्या वेळी सांडलेली चटणी तिने सीटवरूनच उचलून खाल्ली, ते सुनेला अजून सांगितलेलं नाही, तिने हे पत्र वाचू नये म्हणजे झालं. आणि नातवाने विचारलंय की चाळीसगावहून निघताना गाडीची डबल बेल तो मारू शकतो का. म्हणलं नियमात बसत नाही, पण बघू, वाहकाला विचारून.

आपला वाचक,
एक निवृत्त वाहक, एरंडोल